तक्रार: आवाज कमी

"अख्ख्या वाडीला पुस्तक पाठ झालंय. आता परीक्षाच घ्या म्हणावं आमची," तुळजाबाईंची सून समीक्षा मोरीत भांडी घासता घासता पुटपुटली. "काल रावजीचा रेडा दावं तोडून पळाला. जनावराला सोसत नाय, आपण सोसायचं."

मंजुळा ओटीच्या पायरीशी चपला काढत होती. बोलणं काही तिच्यासाठी नव्हतं, पण मोरीची भिंत ओटीला लागूनच, त्यामुळे सगळं तिच्या पदरात पडलं. आणि खोटं तरी कसं म्हणणार? एसटीतून फाट्यावर उतरल्यापासून ती स्वतःच एका कादंबरीतल्या मुलीचं लग्न मोडताना ऐकत आली होती. तीन बांध ओलांडून ती दारात पोचेपर्यंत ती मुलगी बिचारी विहिरीच्या काठाशी येऊन उभी होती.

आत तुळजाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांडीवर डबा, त्याच्यावर वाकलेला कान. मंजुळानं पायाला हात लावला तेव्हा दचकल्या, मग तिचा हात चाचपून म्हणाल्या, "मंजुळा ना? गारेगार बोटं. बरं झालं आलीस. हाही बिघडलेलाच निघाला बघ. आवाज बारीक."

डबा ओरडत होता. भिंतीवरची फोटोची काच थरथरत होती.

"हो बाई," मंजुळा म्हणाली. "बारीकच आहे."

मंजुळा महाडच्या एका वाचनालयात मदतनीस होती. पंचवीस वर्षं पुस्तकं द्यायची, घ्यायची, झटकायची आणि पुराच्या साली वाळवायचीसुद्धा. गेल्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या एका संस्थेनं वाचनालयाला सहा यंत्रं दिली, आंधळ्या माणसांना पुस्तकं वाचून दाखवणारी. साबणाच्या पेटीहून थोडी मोठी, बोटांना कळतील अशी उंच बटणं, आत नखाएवढ्या कार्डावर शंभर-दीडशे पुस्तकं. सहा महिने वापरून बघायची, दर महिन्याला तक्रारींचा कागद भरून पाठवायचा, मग ती ठेवायची की न्यायची ते संस्था ठरवणार. कागदावर त्यांचं नाव हातभर लांब इंग्रजी होतं. महाड-पोलादपुरात आठ दिवसांत त्याचा डबा झाला.

पहिला डबा कुणाला, याचा मंजुळाला विचारच करावा लागला नव्हता. तुळजाबाईंनी कापड्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मंजुळाची शाळा चौथीनंतर सुटली, वाचन सुटलं नाही, ते बाईंमुळे. वाडीतल्या कुणाच्याही लग्नाची पत्रिका बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नसे. काचबिंदूनं डोळे गेले त्याला आठ वर्षं झाली, तरी अजून त्यांच्यासमोर माणसं सांभाळून बोलत. बाईंची चूक असू शकते हे कापड्यात कुणाला शिकवलेलंच नव्हतं.

पहिल्या महिन्यात बाई म्हणाल्या डबा बिघडलाय, तेव्हा मंजुळानं तो पोलादपूरच्या, डोळे गेलेल्या श्रीपत कंडक्टरला दिला आणि त्याचा बाईंना आणून दिला. कंडक्टरकडे तो अजून खणखणीत वाजत होता. आता हा दुसरा.

बाईंचा मुलगा राजेंद्र एमआयडीसीत कामाला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, म्हणून फाट्यापर्यंत सोडायला आला. फाटा दिसू लागला तसा तो म्हणाला,

"ताई, दुसरा डबा देशील ना?"

"राजेंद्र, अरे, डब्याला..."

"ठाऊक हाय गो." त्यानं तिला पुढं बोलू दिलं नाही. "समीक्षानं एकदा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. आठ दिवस आई तिच्या हातचं जेवली नाय. म्हणते, डोळ्यांच्या वेळी पण डॉक्टर डॉक्टर केलंत, आणि नेलंत तेव्हा उशीर झालेला. आता कान घ्यायला निघालात."

"आणि तू?"

"मी काय बोलू? तेव्हा कापणी चालू होती. म्हटलं, भात घरात आलं की नेऊ." तो रस्त्याकडे बघत राहिला. "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

"मी सांगू? बाईंना?"

एसटी आली, त्यामुळे दोघंही सुटले.

वाचनालयात बसून मंजुळानं कागद भरला. 'यंत्र क्रमांक पाच. तक्रार: आवाज कमी.' गेल्या महिन्यात क्रमांक तीनपुढं हेच लिहिलं होतं. खरं लिहायचं तर बाईंचं नाव लिहावं लागलं असतं, आणि नावापुढं ते दुसरं. यंत्राला काय, लाज थोडीच असते. अक्षर छान वळणदार आलं. तेही बाईंनीच वळवलेलं.

तो पाच नंबर घेऊन ती हैबतीबाबाकडे गेली. रस्त्याच्या कामावर सुरुंगानं हैबतीचे डोळे नेले तेव्हा तो तिशीत होता, आता सत्तरीला टेकलेला. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. डबा मिळाल्यापासून मात्र सकाळी बकऱ्या सोडल्या की तो आंब्याखाली बसायचा तो दिवे लागेपर्यंत. आगबोटीच्या प्रवासाचं पुस्तक त्यानं चार वेळा ऐकलं होतं. "डोळस होतो तेव्हा अक्षराला आंधळाच होतो गो," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "आता कुठं उजाडलंय."

"बाबा, तुमचा डबा मला द्या. त्याच्या बदली हा घ्या. याचा आवाज जरा कमी आहे."

हैबतीनं बटण दाबलं, चक्री फिरवली. बकऱ्या चौखूर उधळल्या.

"ह्यो कमी?" तो हसला. "बकऱ्यांना इचार जा."

"घ्या ना, बाबा," मंजुळा म्हणाली. हैबतीचं हसू हळूहळू बसलं.

"कोणाकडचा हाय ह्यो?"

"कापड्याच्या बाईंकडचा."

त्यानं आवाज लहान केला. पार लहान, डासाएवढा. कानाजवळ नेऊन ऐकला. मग आपला एक नंबरचा डबा पदराला पुसावा तसा धोतराला पुसला आणि तिच्या हातात दिला. "ने. सांग त्यांना, लई भारी हाय म्हणून. माझी नात शिकलीय त्यांच्याकडं."

पुढच्या महिन्यात एक नंबरचा आवाजही कमी झाला.

मग संस्थेचं पत्र आलं. सहापैकी तीन यंत्रं सदोष. कोकणच्या दमट हवेत ती टिकत नसावीत. सहाही परत घेऊन कोरड्या जिल्ह्यात द्यायचं ठरत आहे. प्रतिनिधी शनिवारी येतील, वाचकांनी यंत्रासह हजर राहावं.

मंजुळानं उत्तर लिहायला घेतलं, तीनदा. 'वस्तुस्थिती अशी की' इथपर्यंत प्रत्येक वेळी नीट यायचं. राजेंद्रला फोन केला तर तो म्हणाला, "शनिवारी घेऊन येतो तिला, तिथं बघू." तिथं काय बघणार होता देव जाणे.

शनिवारी वाचनालयाच्या टेबलाभोवती सहा माणसं आपापला डबा मांडीवर धरून बसली. घरातली देवाची पेटी धरावी तशी. संस्थेची दीप्ती तिशीतली, हसऱ्या चेहऱ्याची, घाईत असलेली मुलगी. तिला संध्याकाळच्या आत चिपळूण गाठायचं होतं. तिनं एकेक डबा लावून बघितला आणि तिच्या कपाळावर आठी उमटली.

"आत्ता तर सगळे नीट वाजतायत."

"हवा कोरडी आहे ना आज," राजेंद्र म्हणाला. आपलं बोलणं त्याला स्वतःलाच सहन झालं नसावं. तो मोबाइलमध्ये बघू लागला.

"तुळजाबाई, इथल्या नोंदवहीप्रमाणे तक्रारीच्या वेळी तिन्ही यंत्रं तुमच्याकडेच होती. आवाज थांबून थांबून जायचा, की पहिल्यापासूनच कमी?"

बाई आवाजाच्या दिशेनं वळल्या. चेहरा प्रसन्न. "वाचन उत्तम आहे. उच्चार शुद्ध आहेत, फक्त वाचणारी मुलगी श्वास चुकीच्या जागी घेते."

"नाही, मी आवाजाचं..."

"कथासंग्रह कमी आहेत. ते वाढवा."

श्रीपत कंडक्टर खोकला. कोपऱ्यातल्या आजीनं पदर सारखा केला. दीप्तीनं मंजुळाकडे बघितलं, आणि मंजुळानं टेबलावर नसलेली धूळ पुसली.

"ठीक आहे," दीप्ती म्हणाली. "मला माणसांचा राग नाही हो, पण कागदावर तीन सदोष म्हटल्यावर वरचे ऐकत नाहीत. आज मी सहाही घेऊन जाते. पुढं काही आलं तर नक्की विचार करू." आणि तिनं पिशवीची चेन उघडली.

श्रीपतनं डबा दिला. "माझा शेवटचा भाग राहिलाय," एवढंच म्हणाला. कोपऱ्यातल्या आजीनं दिला. मग दीप्ती हैबतीपुढं येऊन उभी राहिली. हैबतीनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"बाबा, द्या ना."

"नाय."

"बाबा, नियम आहे तो."

"मंजुळे," हैबती म्हणाला. "तू बोलणार हायस का?"

समोर बाई बसल्या होत्या, केस चापूनचोपून, डबा मांडीवर, हात डब्यावर, आपण वर्गात आहोत अशा. मंजुळानं पुन्हा टेबल पुसायला घेतलं.

"मग मी बोलतो. माझा काय, मी अडाणी माणूस." हैबतीनं डबा सोडला नाही. त्याचा आवाज चढला नव्हता, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. "डबे चांगले हायत. तिन्ही चांगले हायत. बाईंचा नाकारलेला माझ्याकडं वाजतोय, कंडक्टरकडं वाजतोय. ऐकू येत नाय ते बाईंना. यांना सगळ्यांना ठाऊक हाय. मला बी होतं. त्यांचा मान राखला, आन् माझा उजेड चाललाय."

राजेंद्रनं मोबाइल खाली ठेवला. दीप्तीचा हात पिशवीतच राहिला. सगळे तुळजाबाईंकडे बघू लागले. जे बघू शकत नव्हते त्यांनीही तिकडंच तोंडं वळवली.

बाई अजून तशाच प्रसन्न होत्या. थोडं थांबून त्यांनी मान कलती केली.

"मंजुळा, सगळे गप्प का झाले? काय म्हणाले ते?"

मंजुळा उठली. बाईंच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली. बाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि सांगितलं. पहिल्यांदा ते हळू निघालं, नेहमी बाईंशी बोलायची तसं.

"काय?" बाईंनी विचारलं. "मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस."

तेव्हा मंजुळानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि बाहेर कोर्टाच्या रस्त्यावरची माणसं थबकून बघतील एवढ्या मोठ्यानं ती ओरडली, "बाई, तुम्हाला ऐकू येत नाही!"