दोघांत एक अहवाल

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या धाकट्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा जाच होता: जुळा भाऊ. थोरला काही मिनिटंच आधी जन्मला, पण तेव्हापासून जो धावत सुटला तो थांबलाच नव्हता. शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी मॅरेथॉन पळायचा. इकडे धाकटा दुकानाच्या पायऱ्या चढला तरी दाराला टेकून उभा राहायचा, आणि बायको रोज चहाबरोबर टोमणा द्यायची, "भाऊजी बघा, तळ्याला फेरी मारून आलेसुद्धा!"

शेवटी धाकट्याने जालीम उपाय काढला. नळीत थुंकी भरून प्रयोगशाळेत पाठवली आणि जनुकांची तपासणी करून घेतली. अहवाल आला तो अगदी मनासारखा. रविवारी सगळे जेवायला जमले असताना त्याने तो उभं राहून वाचला.

"'लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी जनुकीय अनुकूलता: कमी.' ऐकलंस? आळस नाही हा. रक्तातच नाही माझ्या!" आणि त्याने ऐटीत ताट पुढे सरकवलं.

बायकोचा वाढता हात तिथेच थांबला. "अहो, पण तुम्ही जुळे ना? एकाच साच्यातले. मग हे भाऊजींनाही लागू झालं की!"

थोरल्याने अहवाल ओढून घेतला आणि मुलांचे पेपर तपासावेत तसा बारकाईने वाचला. आता हा खचणार, बूट खुंटीला टांगणार, असं धाकट्याला वाटलं. आणि खोटं कशाला सांगा, जरा बरंही वाटलं.

"म्हणजे," थोरला सावकाश म्हणाला, "एवढ्या रद्दी मालावर मी इतकी वर्षं पळतोय?" त्याची छाती फुगली. "अरे, मग मी फारच भारी आहे!"

झालं! अहवालाची प्रत शाळेत शिक्षकांच्या खोलीत लागली. पुढच्या शर्यतीनंतर बातम्यांत त्याची मुलाखत आली: 'जनुकांवर मात करणारे गुरुजी'. जनुकं म्हणजे सगळं काही नसतं, बाकी सराव असतो, हे तो इतक्या नम्रपणे म्हणाला की धाकट्याने टीव्हीच बंद केला.

"थुंकी माझी आणि शाबासकी याला!" तो करवादला.

बायकोने फक्त दारात नवेकोरे बूट आणून ठेवले. ते घालून धाकटा एकदा कोपऱ्यापर्यंत पळाला, कठड्यावर बसला आणि कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. काच बदलायला चष्मा काढून दिला आणि डोळे बारीक करून धाकट्याकडे बघत राहिलं. "तुम्हीच ना ते धावणारे? परवा बातम्यांत पाहिलं."

धाकट्याने काउंटरमागे पोट आत ओढलं. "हो," तो म्हणाला. "सराव, दुसरं काय!"

गिऱ्हाईक भारावून विचारत गेलं आणि धाकटा सांगत गेला. चढावर श्वास कसा सांभाळायचा, पायात गोळे आले तर काय करायचं. काच कधीच बसवून झाली होती. पण चष्मा त्याने हातातच ठेवला आणि फडक्याने पुसत राहिला.