साहेब आलेत

आमच्याकडे कवळ्या बनतात. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, हे माझं काम. साहेब पाठीमागून मांजराच्या पावलांनी येतात, मी लावलेले दात उचलतात, माझ्या कानाशी टकटक वाजवतात आणि विचारतात, "हे घालून माणूस जेवेल की उपाशी मरेल?" की लगेच माझ्या डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत कळ जाते.

साहेब केबिनमध्ये गेले की कळही गायब. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, म्हणाले, ताण आहे. नवरा म्हणाला, "तुझं दुखणं सरकारी आहे. रविवारी सुट्टी घेतं." खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. आम्ही त्या कळेचं नावच 'साहेब' ठेवलं. संध्याकाळी तो विचारायचा, "आज साहेब आले होते का?"

मग खरे साहेब आठवडाभर मुलीकडे गेले. आम्हाला रान मोकळं. पॉलिशवाल्या मावशी कवळी तोंडासमोर धरून त्यांची नक्कल करायला लागल्या. हसून हसून माझी मुरकुंडी वळली, आणि त्या हसण्यातच कळ आली.

मी दचकून मागे पाहिलं. कोणीच नव्हतं. मग ही आली कुठून? नक्कल बघून साहेब आठवले म्हणून? की दुखत रोजच होतं, आणि साहेब समोर असले की फक्त माझं लक्ष जायचं? डोक्याचा नुसता भुगा झाला. नवऱ्याला फोन लावला.

"अहो, साहेब आलेत."

"परत आले एवढ्यात? मग फोनवर काय बोलतेस? काम कर गुपचूप!" त्याने फोन ठेवलासुद्धा.

आता याला काय म्हणावं! कळ जाईना. शेवटी मी खऱ्या साहेबांनाच फोन केला. म्हटलं, ते एकदा खेकसले की कळ नेहमीचीच आहे, एवढी तरी खात्री होईल.

"साहेब, दाढा वाकड्या बसल्या. अख्खी कवळी वाया गेली," मी धडधडीत खोटं सांगितलं आणि ओरडा ऐकायला डोळे मिटून घेतले.

"जाऊ दे हो," ते म्हणाले. "तुमचा आवाज असा का येतोय? धाप लागलीय का? आधी खाली बसा बघू. मावशींकडे फोन द्या."

इतक्या मायेने ते कधीच बोलले नव्हते. तरी कळ होती तिथेच होती. तेव्हा मात्र मी घाबरले.