बर्गीचा पाव

माझी नातसून वैदेही नाशिकहून लग्न होऊन कोलकात्यात आली तेव्हा चांगली नोकरी सोडून आली. निखिल, माझा नातू, सकाळी ऑफिसला गेला की डमडमच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी इथे इतकी वर्षं राहून बंगाली वाचायलाही शिकले, पण पोरीला ती येत नाही. खालचे लोक तिला निखिलची बायको म्हणतात आणि ती मान हलवते. एकदा मला म्हणाली, "आजी, इथे मला माझं असं काहीच नाही."

म्हणून ती पाव करायला शिकली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी यामिनीचं छोटं कॅफे आहे. तिचा पाववाला गावी निघून गेला होता. वैदेहीने धीर करून काम मागितलं, तर यामिनी म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत चाखायला आण, नाहीतर उद्या दुसऱ्याला काम देते.

आणि नेमकं त्याच दिवशी यीस्ट मेलेलं निघालं. पीठ सकाळी जेवढं होतं, दुपारीही तेवढंच. मी बोटाने दाबून पाहिलं, तर वरवंटा बरा. वैदेहीने ते गपचूप कचऱ्यात टाकलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला फोन उघडायला लावला. त्यात एक बाई यीस्टशिवाय पाव करत होती. मैदा, बेकिंग पावडर, साखर, मीठ आणि एक बाटली बिअर. मळायचं नाही, फुगायची वाट बघायची नाही. वैदेही म्हणाली, बिअर कोण आणणार? निखिल तर ऑफिसात. मी चपला घातल्या.

दारूच्या दुकानासमोर रांग एवढी होती की शेवटचा माणूस विमानतळावर उभा होता. माझी नऊवारी बघून सगळे असे बाजूला झाले, जणू मंत्र्याची गाडी आली. एकाने माशिमा, माशिमा, म्हणजे मावशी, मावशी करत माझी पिशवीसुद्धा धरली. मी त्याला सांगितलं, गुडघ्यांना चोळायला हवी आहे. त्याने लगेच आपल्या आईसाठी एक जास्तीची घेतली.

घरी येईपर्यंत वैदेहीने मैदा चाळून ठेवला होता. तिने बिअर ओतली आणि भांड्यात असा फेस आला की मी दोन पावलं मागे सरले. चमच्याने जेमतेम कालवलं. गुठळ्या राहू दे, जास्त घोटलंस तर चिवट होईल, असं ती स्वतःलाच सांगत होती. डब्यात ओतून वर वितळलेलं लोणी घातलं. ओव्हनपाशी ती अशी बसली होती, जशी मी निखिलच्या बारावीच्या निकालाला बसले होते. वास सुटला तेव्हा वरच्या मजल्यावरची म्हातारी, जी अंथरुणातून उठत नाही, ती जिना उतरून आली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

कॅफेत यामिनीने एक तुकडा तोडला. वरचं कवच कुरकुरीत, आतून मऊ, थोडीशी कडसर चव. तिने विचारलं, हा कसला पाव?

वैदेही माझ्याकडे बघू लागली. मग मी काय गप्प बसते? हिंदी-बंगालीची खिचडी करून मी सांगितलं की आमचे मराठे, ज्यांना तुम्ही बर्गी म्हणता, ज्यांच्या भीतीने तुमच्या कोलकात्याभोवती बागबाजारपासून खंदक खणला, त्यातला एक उपाशी स्वार रात्री खंदक पोहून आला. त्याने इंग्रजांचं बिअरचं पिंप पळवलं, घोड्याच्या तोबऱ्यातलं पीठ त्यात कालवलं आणि ढालीवर भाजलं. तो माझा खापरपणजा.

यामिनीचे डोळे चमकले. म्हणाली, ही गोष्ट मी फळ्यावर लिहिते, लोक रांग लावतील. रोज चार पाव द्या.

"नाही," वैदेही म्हणाली. मोडक्या हिंदीत, पण ऐकू येईल असं. "आजी गंमत करतात. माझं यीस्ट मेलं होतं, म्हणून बिअर घातली. रेसिपी फोनवर बघितली. आज पहिल्यांदाच केला."

मी मनात कपाळाला हात लावला. गेलं काम. यामिनीने दुसरा तुकडा तोडला, नीट चावला. मग म्हणाली, "पहिल्यांदा असा, तर दहाव्यांदा कसा होईल? उद्यापासून आण." आणि खडू उचलून तिने विचारलं, "मग फळ्यावर काय लिहू?"

वैदेहीने खाली बघत सांगितलं, "वैदेहीचा पाव."

यामिनीने बंगालीत लिहिलं, मोठ्या गोल अक्षरांत. वैदेहीला ती लिपी वाचता येत नाही. तिने माझा हात धरला. "आजी, काय लिहिलंय? खरं सांगा."

माझ्या जिभेवर तीन-चार चांगल्या थापा होत्या. त्या गिळल्या, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून, जसं होतं तसं तिला वाचून दाखवलं.