नाद ऐकणाऱ्याची कुबडी

मी कुबडी बोलतेय. कुबडी म्हटलं की लोक आधी लंगडा माणूस शोधतात. पण माझा मालक काशीराम चांगला धडधाकट होता. मी बसायची कुबडी. वीतभर आडवी पट्टी आणि तिच्याखाली हातभर दांडा, एवढंच माझं रूप. ध्यानाला बसलेला माणूस मला काखेत घेतो आणि माझ्यावर भार टाकतो. डाव्या काखेत घेतलं की थोड्या वेळानं उजवी नाकपुडी मोकळी होते, उजव्या काखेत घेतलं की डावी. असं का होतं ते मला आजवर कळलेलं नाही. पण होतं, हे मी रोज पाहत आले.

काशीराम पावसच्या अलीकडे एका वाडीत राहायचा आणि आंब्याची कलमं बांधायचा. रायवळ रोपाला हापूसची फांदी जोडायची, वरून केळीच्या खोडाचं सोपट घट्ट गुंडाळायचं आणि दोन्ही एकजीव व्हायची वाट बघायची, असं त्याचं काम. १९२९ च्या वादळात त्याच्या बापानं बांधलेलं एक कलम उन्मळून पडलं. त्याच झाडातून माझा जन्म झाला.

केरू सुतारानं आधी नाही म्हटलं होतं. "काशीराम, आंब्याला कीड लागते. शिवणीची करूया."

"बापाच्या हातचं झाड हाय," काशीराम म्हणाला. "हेचीच कर."

केरूनं वाद घातला नाही. एका सकाळीत मला घडवली, खोबरेल चोळलं आणि काशीरामच्या हाती दिली.

हे सगळं वेड त्याला लावलं आप्पांनी. आप्पा म्हणजे टेकाडावरच्या मठीत राहणारे, नाथपंथाचा उपदेश घेतलेले म्हातारे. त्यांनी काशीरामला सांगितलं होतं की श्वास आत येतो तो 'सो' म्हणत येतो, बाहेर जातो तो 'हं' म्हणत जातो. तू म्हणू नकोस, नुसतं ऐक. पुढे ते म्हणाले, दोन्ही कान अंगठ्यांनी बंद कर आणि आतला नाद ऐक. तो कुणाला आधी भुंग्यासारखा येतो, मग घंटेसारखा, मग त्याहून बारीक. आला तर मला येऊन सांग, नाही आला तरी सांग.

तेव्हापासून रोज पहाटे आम्ही दोघं पडवीत बसू लागलो. डोळे मिटलेला माणूस फार गमतीचा असतो. बाहेरून दगडासारखा दिसतो, पण काखेतून मला सगळं कळायचं. मन श्वासावर असलं की काशीरामचा भार माझ्यावर सारखा पडायचा. मन बागेत गेलं की भार हलका व्हायचा, आणि पायाचा अंगठा आपोआप हलू लागायचा. मग त्याला स्वतःचीच लाज वाटायची आणि तो परत यायचा. असं वर्षभर चाललं. नाद काही आला नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर पडवीत एक भुंगा आला. काळाभोर, निळसर पंखांचा, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यानं वासे पाहिले, खांब पाहिला, आणि शेवटी माझ्या आडव्या पट्टीला खालच्या अंगानं करंगळी जाईल एवढं भोक पाडलं. मला दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. आत शिरून तो वळला आणि पट्टीच्या लांबीनं पोखरू लागला. ऊन पडवीत आलं की त्याचं काम सुरू व्हायचं.

एके दिवशी काशीरामला बसायला उशीर झाला. त्यानं मला काखेत घेतलं, कान बंद केले, आणि भुंग्याचा गुणगुणाट माझ्या लाकडातून त्याच्या हाडात गेला आणि हाडातून डोक्यात. त्याला तो बाहेरून आलाच नाही. थेट आत वाजला.

त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते माझ्यावर पडलं.

मला फार सांगावंसं वाटलं. पण मी पडले लाकूड. मला सगळं कळतं, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाद आला नाही, उन्हं आल्यावर आला. तिसऱ्या दिवशीही तसंच. काशीरामनं पहाटेचं बसणं सोडलं आणि उन्हं आल्यावर बसू लागला. आपली वेळ हीच, असं त्यानं मनाशी धरलं. नाद उन्हाची वाट का बघतो, हे त्यानं स्वतःला एकदाही विचारलं नाही. मला मात्र त्याचंच नवल वाटत राहिलं.

गोष्ट वाडीभर झाली. बायाबापड्या येऊन पडवीच्या पायरीला हात लावू लागल्या. पाणवठ्यावर कुणीतरी काशीरामच्या बायकोला, सोनूबाईला म्हणालं, की आता तुझ्या हातची भाकरी देवाच्या पोटात जाते गो, मीठ बघून घाल. ती हसली नाही.

कारण काशीरामनं घरात सांगून टाकलं होतं. शिवरात्र झाली की आगबोटीनं मुंबई, तिथून गिरनार. आप्पांना नाद आल्याचं निघतानाच सांगायचं आणि निरोप घ्यायचा. परत यायचं नाही. घरात ही दोघंच, आणि परसात बांधलेली सहाशे कलमं, शिमग्याशिवाय मूळ झाडापासून तोडता न येणारी. नवरा असा गेला की बाईनं कुंकू लावायचं खरं, पण कुणासाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सोनूबाईला एक गोष्ट ठाऊक होती. रोज केर काढताना माझ्याखाली पिवळा भुसा पडलेला असे. एकदा तिनं मला उचलून उलटं केलं, भोकाला कान लावला, आणि होतं तिथं परत ठेवलं. एका वाक्यात तिला नवरा अडवता आला असता. पण मग तो वाडीभर हसण्याचा विषय झाला असता, आणि तिच्याकडे वर मान करून त्याला कधी बघता आलं नसतं. चार दिवस तिनं ते वाक्य दातांखाली धरून ठेवलं.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी तो बसायला आला तेव्हा ती म्हणाली, "तुमी जा. माजी ना नाय. पन कुबडी हितं ठेवून जा."

"ती कशाला?"

"नाद तुमच्या आत हाय ना? मंग लाकूड कशाला वागवायचं? आज तिच्याबिगर बसून बघा."

ते त्याला पटलं. त्यानं मला खांबाला टेकवून ठेवलं, पलीकडे जाऊन बसला, कान बंद केले. उन्हं आली. बराच वेळ गेला. त्याचा अंगठा हलू लागला. शेवटी त्यानं हात खाली घेतले, डोळे उघडले, आणि तेव्हा त्याला माझ्याकडून बारीक गुणगुण ऐकू आली.

तो उठला. मला हातात घेतलं, उलटं केलं. भोकातून भुसा त्याच्या तळहातावर पडला.

"तुला ठावं होतं गो?"

"केर मीच काडतंय," सोनूबाई म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, आता मी चुलीत जाणार. पण तो मला खांद्यावर टाकून टेकाड चढला आणि आप्पांसमोर ठेवून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. आप्पांनी भोकात डोकावलं आणि त्यांना असं हसू आलं की ठसका लागला. काशीराम खाली मान घालून बसून राहिला.

"मला दोन वर्षं मठीमागचा ओढा ऐकू यायचा," आप्पा म्हणाले. "मी माझ्या गुरूंना शंखनाद म्हणून सांगून आलो होतो."

"मग?"

"मग ओढा आटला. मी बसतच राहिलो."

काशीरामनं मला पुन्हा उचलून खांद्यावर घेतलं. मग एवढंच म्हणाला, की शिमग्याला कलमं तोडायची आहेत, घरी गेलं पाहिजे. आप्पांनी जा म्हटलं.

आगबोट त्याच्याशिवाय गेली. त्याला आता आठ वर्षं झाली. माझ्या पट्टीत भुंग्यांच्या किती पिढ्या झाल्या ते मोजलेलं नाही. भार टाकला तर मी मोडेन, म्हणून मला वळचणीला अडकवून ठेवलं आहे. काशीराम पुन्हा पहाटे बसतो, पाठ ताठ करून, काखेत काही न घेता. पायाचा अंगठा अजून हलतो, पण क्वचित. कधीकधी डोळे उघडल्यावर तो बराच वेळ अंगणाकडे बघत राहतो. सोनूबाई चहा आणून ठेवते, काही विचारत नाही. तोही सांगत नाही.

तुम्ही कधी पावसच्या बाजूला आलात, तर पडवीत टेका, पाणी मागा, आणि सहज बोलता बोलता त्याला विचारा की आता काय ऐकू येतं. मला विचारता येत नाही. आणि जाणून घेतल्याशिवाय मोडून पडायचं माझ्या जिवावर आलं आहे.