संध्याकाळचा बीपी

अपेक्षाने ओढणी नाकावर घट्ट गुंडाळली आणि बेसिनमध्ये मगभर पाणी ओतलं. गुटख्याची लाल थुंकी थोडी ओघळली, वाळलेली कड तशीच चिकटून राहिली. खाली संडासाच्या भांड्याभोवती डबकं साचलं होतं. त्यात चिखलाच्या चपलांचे ठसे, विझवलेली विडी आणि केळीचं साल. शेवटच्या माणसाने पाणी टाकायचीही तसदी घेतली नव्हती. कंपनीत शेकडो बाया वापरतात तो संडास याहून स्वच्छ असतो, आणि ही म्हणे हॉस्पिटलची स्पेशल रूम.

ती बाहेर आली तर खोलीत जत्रा भरलेली. कॉटवर तिची सासू कृष्णाबाई पडून होती. शेवाळावरून घसरून उजवं मनगट मोडलं होतं, त्यावर कच्चं प्लास्टर होतं. प्रतिक्षा सिस्टर तिच्या डाव्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या. त्याच कॉटवर पायथ्याशी हैबतराव, म्हणजे कृष्णाबाईंचे चुलत दीर, मांडी ठोकून बसले होते. भिंतीला टेकून गावचे दोघेजण वडापाव खात होते. आणि संडासाच्या दाराच्या दोन्ही अंगांना, टेबलावर, खाली वर्तमानपत्रांवर, गणपती मांडलेले. साऱ्यांची तोंडं नव्या रुमालांनी झाकलेली.

गावापासून रोहा जवळ, तरी वहिनीला पेणला न्यायचं हैबतरावांनीच ठरवलं होतं. डॉक्टर ओळखीचा म्हणे. साऱ्या वाडीचे गणपती पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यांतून आणायचं काम यंदा त्यांच्याच गळ्यात आहे, हे अपेक्षाला नंतर कळलं. रंग वाळतील तशा मूर्ती घेऊन मंडळी रोज दुपारी इथे यायची. एसीत देव ठेवायचे, आपण पाय पसरायचे, संडास वापरायचा आणि संध्याकाळचा टेंपो आला की निघायचं. याला पेशंटला भेटायला येणं म्हणत.

डॉक्टर आले. त्यांनी आधी गणपतींना हात जोडले, मग पेशंटकडे पाहिलं.

“किती?”

“एकशे नव्वद, सर. खालचा शंभर.”

“परत चढला. जिभेखालची गोळी द्या. उद्यापासून सकाळची गोळी दुप्पट.” ते नितेशकडे, अपेक्षाच्या नवऱ्याकडे वळले. “अशा बीपीला भूलवाले डॉक्टर हात लावणार नाहीत. उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलू.”

“सर, उशीर झाला तर हाड वाकडं जुळेल असं तुम्हीच म्हणाला होतात,” अपेक्षा म्हणाली.

“म्हणूनच तर औषध वाढवतोय.”

“वयनीनं टेन्शन घेतलाय, दुसरं काय,” हैबतराव वडापावचा कागद चुरगळत म्हणाले. “घाबरू नको गो. आमी हाव ना जवळ.”

कृष्णाबाई गुडघे जुळवून, छताकडे डोळे लावून पडली होती. कपाळावर घाम होता. अपेक्षाला तिचा रागच आला. घरात सुनेला उठता बसता सुनावणारी ही बाई इथे भित्र्या सशासारखी काय पडून राहते?

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी अपेक्षा डबा घेऊन आली तेव्हा कॉट रिकामी होती. नितेश खाली चहाला गेला होता. संडासाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत कालच्याच डबक्यात कृष्णाबाई आडवी पडली होती. गाल फरशीला लागलेला, लुगडं भिजलेलं.

“चक्कर आली गो,” ती पुटपुटली.

सिस्टर धावत आल्या. दोघींनी उचलून तिला कॉटवर घेतलं. बीपी जेमतेम नव्वद भरला. संध्याकाळी गोळी, सकाळी दुप्पट गोळी, वर पोटात काही नाही. सिस्टरांनी कॉटचा पायथा उंच केला, सलाइन लावलं आणि डॉक्टरांना फोन करायला गेल्या.

अपेक्षाने पडदा ओढून बादलीत गरम पाणी घेतलं. सासूच्या पाठीवरून, मांड्यांवरून ती दुसऱ्यांची घाण पुसताना तिला शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून स्वतःची लाजही वाटली.

“मी येईपर्यंत थांबायचं होतंत.”

“एका हातानं लुगडं सावरंना. नितेशला कसं सांगू? आनि सकालचं बरं असतं. खोलीत कोन नसतं.”

“म्हणजे?”

कृष्णाबाईने तोंड भिंतीकडे वळवलं. “दुपारपासनं ती मानसं येतात. दारात देव मांडतात. देवाच्या तोंडासमोर ते दार उघडू? भावजी पायथ्याशी बसलेले. मी दाबून धरते. टेंपो गेला की मंग जाते.”

अपेक्षाचा हात थांबला. “रोज? आणि डॉक्टर बीपी बघतात तेव्हा?”

“तेवा तर जीव नुसता कासावीस झालेला असतो.”

“तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?”

“पुरुषमानसाला? येडी का काय तू! नितेशला पन बोलू नको. तुला माझी शपथ हाय.”

“आई, देव अजून बसवलेलासुद्धा नाही. नुसती माती आहे ती.”

“असं बोलू नये गो.”

अपेक्षाने घाण पाणी ओतून टाकलं, साबणाने कोपरापर्यंत हात घासले, तरी वास जाईना. डोकं भणभणत होतं. एक बाई लघवी तुंबवून पडलेली आणि तिला गोळीवर गोळी! विचारायला एकाचीही जीभ वळली नव्हती. तिची स्वतःचीही नाही.

नितेश जिन्यात भेटला. तिने शपथ मोडली नाही, एवढंच म्हणाली, “आज काकांना वर येऊ देऊ नको. गणपती दुसरीकडे ठेवा म्हणावं.”

“काकांना कसं सांगू मी? देवाचं काम हाय. आनि एसीत रंगाला बरं.”

तो बोलला तेव्हा त्याच्या दातांच्या फटींत तिला लाल रंग दिसला. बेसिनमधली थुंकी नुसती काकांच्या मंडळींची नव्हती तर. याच तोंडाने हा आईची विचारपूस करतो. तिला त्याच्याजवळ उभं राहवेना. सुट्टी मिळण्यासारखी नव्हती, कंपनीची बस फाट्यावर येण्याची वेळ झाली होती. सिस्टरांना आईंवर लक्ष ठेवायला सांगून ती निघाली.

संध्याकाळी परतली तर सगळं तसंच. सफाईवाली सकाळी घासून गेलेला संडास पुन्हा नासलेला, दारापुढे नवे गणपती, पायथ्याशी हैबतराव. सलाइनची अख्खी बाटली अंगात गेलेली कृष्णाबाई ओठ आवळून पडली होती.

“दोनशे,” प्रतिक्षा सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “सकाळी नव्वद, आता दोनशे. इतका वरखाली होणारा बीपी वाईट. आयसीयूत हलवू, ड्रिपमधून औषध चालू करू. ऑपरेशनचं तूर्त विसरा. सिस्टर, आधी जिभेखालची द्या.”

सिस्टरांनी गोळी पाकिटातून सोडवून तळहातावर घेतली. अपेक्षाने सासूकडे पाहिलं. कृष्णाबाईने मान हलवली, नको.

“सर, आधी ही खोली रिकामी करा,” अपेक्षा म्हणाली.

“आमी काय केलं?” हैबतराव उसळले. “आमच्यानं चढला व्हय बीपी? डॉक्टर, तुमीच सांगा.”

“बसू द्या हो,” डॉक्टर मोबाइल काढत म्हणाले. “आपली माणसं असली की पेशंटला आधार वाटतो.”

आयसीयूत बेड रिकामा आहे का, असं त्यांनी फोनवर विचारायला सुरुवात केली. सिस्टर गोळी घेऊन पुढे झाल्या. कृष्णाबाईने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

“मला मुतायचं हाय,” ती म्हणाली.

आवाज चांगला मोठा होता. भिंतीजवळचे दोघे खाता खाता थांबले. नितेश खिडकीबाहेर बघू लागला.

“दुपारपासनं मुतायचं हाय. रोजच असतं. डॉक्टर, ह्यांना उठवा.”

“शी!” हैबतरावांनी तोंड वाकडं केलं. “वयनी, लाज सोडलीस? देव हायेत समोर.”

“देव हायेत म्हनूनच इतके दिस गप रायले. आता नाय रावत.”

हैबतराव उठले. अंगाला काही लागल्यासारखं धोतर झटकत बाहेर गेले, मागोमाग ते दोघेही. अपेक्षाने दारासमोरच्या मूर्ती एकेक करून बाजूला सरकवल्या, सलाइनची दुसरी बाटली सिस्टरांनी डाव्या हातात उंच धरली, आणि सासूला कमरेला धरून तिने आत नेलं. चपलेने केळीचं नवं साल बाजूला ढकललं, लुगडं वर धरलं. कृष्णाबाईने डोळे मिटून घेतले होते. कितीतरी वेळ लागला.

कॉटवर परत आल्यावर ती उशीला टेकली. थोड्या वेळाने तिचा श्वास खाली बसला तसा सिस्टरांनी पट्टा पुन्हा फुगवला आणि हळूच हवा सोडली.

“एकशे चाळीस, सर.”

डॉक्टरांचा फोन अजून चालू होता, बेडची चौकशी संपली नव्हती. त्यांनी तो कानापासून दूर केला. “बघा! गोळी लागू पडली.”

प्रतिक्षा सिस्टरांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. घामाने ओली झालेली गोळी तळहाताला चिकटली होती.

डॉक्टरांनी गोळीकडे पाहिलं. फोनमधून कुणीतरी बेड रिकामा आहे, पाठवा, असं सांगत होतं. त्यांनी फोन बंद केला. मग पहिल्यांदाच त्यांची नजर संडासाच्या उघड्या दारातून आत गेली, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

“ते दार लावून घ्या आधी.”

“राहू द्या उघडंच,” अपेक्षा म्हणाली. “आईंच्या हाताचं ऑपरेशन कधी करताय?”