कोंबडा, घुबड आणि बर्फाची खोली

टॅक्सी नवीकोरी होती. अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालायची, आणि चालायची म्हणजे जागच्या जागी. एका पोलादी खोलीत तिला जाड पट्ट्यांनी जखडून, चाकांखाली रोलर लावून ठेवलं होतं. चाकं गरागरा फिरायची, काटा वेग दाखवायचा, आणि दिवसभर पळापळ करून संध्याकाळी गाडी जिथल्या तिथे. हवा तेवढी बटणाने बदलायची. एका बटणावर वाळवंट, दुसऱ्यावर ढगफुटी. बर्फ सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या यंत्रांची तयारीच कितीतरी दिवस चालायची.

आधी गाडी बनवणाऱ्या कंपनीने तिच्यात पुतळे बसवून पाहिले. एकाचं नाक थंडीत टिचलं. दुसऱ्याचा हात उन्हात मऊ होऊन दाराला असा चिकटला की दार उघडल्यावर हात दाराबरोबर गेला आणि पुतळा आतच राहिला. पण खरं दुखणं वेगळंच होतं. पुतळे तक्रार करत नव्हते. चाचण्यांच्या मुख्य इंजिनिअर, म्हणजे मॅडम, वैतागून म्हणाल्या, "मला कुरकुर करणारी माणसं आणून द्या!"

आता कुरकुर करण्यात टॅक्सीवाल्यांचा हात कोण धरणार? दोन निवृत्त ड्रायव्हर हजर झाले. कोंबडा आणि घुबड.

ही नावं टॅक्सी स्टँडवर पडलेली. दोघं एकच टॅक्सी चालवायचे, कोंबडा दिवसा आणि घुबड रात्री. तीसेक वर्षं एकाच सीटवर बसले, पण एकत्र असे कधीच नाही. सकाळ-संध्याकाळ नाक्यावर किल्ली द्यायची-घ्यायची, तेवढीच काय ती भेट.

"क्लच घसरतोय."

"बघतो."

"पोरगी पास झाली."

"कुणाची?"

"माझी रे!"

"आयला, तुला पोरगी आहे?"

संपलं. कोंबड्याची बायको गेली, तेव्हा किल्ली घेताना घुबडाने त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला होता, मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारेपर्यंत. बोलायचं ते राहूनच गेलं.

इथे मात्र दोघं एका गाडीत. कोंबडा पुढे स्टिअरिंगवर आणि घुबड मागे पॅसेंजर.

वाळवंटाच्या दिवशी घुबड घाम पुसत आत बसला आणि साहेबी आवाजात म्हणाला, "स्टेशनला येणार का?"

"नाही. तिकडून परतीचं भाडं मिळत नाही."

"अरे, गाडी जागची हलत नाही, परतीचं कसलं घेऊन बसलास?"

खोलीच्या काचेपलीकडे मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. गाडीत माइक होता आणि तो कायम चालू असायचा.

या गाडीची खोड अशी की गरज नसली की तिचं इंजिन आपणहून गप्प बसायचं आणि ती बॅटरीवर पळायची. कोंबड्याची सगळी हयात बंद पडणाऱ्या गाड्यांना ढकलण्यात गेलेली. इंजिन गप्प झालं की डोक्याला न विचारता हात गाडी सुरू करायच्या बटणावर जायचा, आणि बटण दाबलं की सगळी चाचणी पाण्यात.

"काका, ती बंद पडलेली नाहीये!" मॅडम ओरडायच्या.

"मग बोलत का नाही?"

"गप्प असते तेव्हाच ती नीट चालते!"

मागून घुबड म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी आवाज बंद झाला की समजायचं, आता आपली धडगत नाही."

ढगफुटीच्या दिवशी कोंबड्याने आणखी उजेड पाडला. जुन्या टॅक्सीत पावसाळ्यात आतून काच धुरकट व्हायची, म्हणून बोटभर खाली ठेवायची त्याची सवय. इथेही ठेवली. छतातून धो धो फवारे सुटले आणि थोड्याच वेळात मागून शांत आवाज आला, "ड्रायव्हर, माझा बूट तुमच्याकडे पोहत आलाय का बघा." पाणी उपसायला शेवटी मॅडम स्वतः प्लॅस्टिकचा मग घेऊन धावल्या.

या सगळ्या गोंधळात दोघांच्या तोंडाला मात्र खळ नव्हता. तीसेक वर्षांचं तुंबलेलं होतं. घुबड सांगायचा, एका रात्री एक म्हातारी गाडीत बसली. कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, नुसतं फिरव, घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

"मग?"

"मग काय, उजाडेपर्यंत फिरवलं. मीटर पाडलाच नाही."

"तरीच! टाकी कोरडी ठणठणीत होती त्या दिवशी. मी महिनाभर तुला पेट्रोलचोर समजत होतो."

"आणि बोलला नाहीस?"

"मागचा हॉर्न मारत होता ना."

कोंबड्याला आजकाल सकाळी गजराच्या आधी जाग यायची. एकट्याच्या खोलीत चहा करताना तो आज काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करायचा. इतकं लांबचं भाडं त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी घुबडाची बायको कोंबड्याच्या खोलीवर आली. पदराने वारा घेत खुर्चीच्या कडेला टेकली.

"भाऊजी, हे म्हणतात तुम्ही दोघं ऑफिसात बसून गाड्यांची माहिती देता. खरं का?"

"बसून देतो, हे खरं आहे, वहिनी."

"त्यांचं हृदय निम्म्यावर आलंय. डॉक्टरांनी थंडी बिलकुल चालणार नाही म्हणून सांगितलंय. तुम्हाला बोलले नाहीत?"

कोंबड्याने हातातली कपबशी खाली ठेवली. त्याने घुबडाला जिभेखाली गोळी ठेवताना पाहिलं होतं. विचारलं, तर पठ्ठ्या म्हणाला, "मी पण या गाडीसारखाच. अर्धा हृदयावर, अर्धा गोळ्यांवर." हसण्यावारी नेलं होतं दोघांनी.

"थंडीत नेऊ नका त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मला शब्द द्या."

कोंबड्याने दिला.

बर्फाच्या आदल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्याने विषय काढला. "तू मॅडमना सांगतोस की मी सांगू?"

"कुणीच नाही." घुबड बुटाची नाडी बांधत बसला, उगाचच. "कळलं तर घरी पाठवतील. घरी काय आहे? खिडकी आहे. खिडकीत बसायचं आणि तिने म्हणायचं, बोलू नका, दमाल. इथे मी बडबडतो आणि लोक चक्क माइक लावून ऐकतात. एवढा एकच दिवस रे. पाच स्वेटर घालतो. हे कोंबडं झाकून ठेव, बाबा."

कोंबड्यानेही आपल्या बुटाची नाडी बांधायला घेतली. घुबडाला वाटलं, ठरलं.

सकाळी दोघांना कंपनीचे जाडजूड कोट चढवले. दोघंही गुंडाळलेल्या गाद्यांसारखे दिसत होते. त्या दिवशी मालक मंडळीही बघायला आली होती. घुबड मोठ्या खटपटीने मागे बसला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "चला ड्रायव्हर, उत्तर ध्रुव. मीटरने."

कोंबड्याने गाडी सुरू केली नाही. आरशात बघायचं त्याने टाळलं.

"मॅडम," तो माइकमध्ये म्हणाला, "पॅसेंजरला हृदयाचा त्रास आहे. डॉक्टरांनी थंडीत जायला मनाई केलीय."

एकच धावपळ उडाली. दारं उघडली, कुणी ब्लँकेट आणलं, कुणी चाकांची खुर्ची. धडधाकट चालणाऱ्या माणसाला दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं. जाता जाता घुबड कोंबड्याच्या काचेशी वाकला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"भाडं मधेच उतरवत नाहीत रे," एवढंच म्हणाला.

मालक ताटकळले होते. मग कुठूनतरी तो नाक टिचलेला पुतळा शोधून आणला, गोंदाने नाक चिकटवलं आणि घुबडाच्या जागी बसवला. खोलीत बर्फाचं वादळ सोडलं. इंजिन गप्प झालं तरी कोंबड्याने बटणाला हात लावला नाही. काचा घट्ट बंद. मागून कुणी काही विचारलं नाही. इतकी सुरळीत चाचणी त्या खोलीने कधी पाहिली नव्हती. काचेपलीकडे मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा प्यायला गेले.

कोंबड्याने उतरून मागचं दार उघडलं. पुतळा नखशिखांत पांढरा झाला होता आणि नाक मांडीवर पडलं होतं. मागचा हिटर लागलाच नव्हता. सीटवर हात ठेवला तर हाडापर्यंत कळ गेली. घुबड इथे बसला असता तर खलास झाला असता. म्हणजे आपण केलं ते बरोबरच केलं. बरोबर ठरल्यावर माणसाला जरा बरं वाटतं म्हणतात. कोंबडा पाहत उभा राहिला, पण तसलं काही वाटलं नाही.

तो रोज संध्याकाळी घुबडाच्या घरी जाऊ लागला. वहिनी दारातच हात जोडायच्या. "देवासारखे धावलात, भाऊजी!" घुबड पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. कोंबडा त्याच्या पाठीकडे बघत चहा प्यायचा आणि घरी यायचा. असे कितीतरी दिवस गेले.

एकदा मात्र न राहवून तो म्हणाला, "तुझ्या जागी तो नकटा पुतळा बसवला होता त्या दिवशी. मागचा हिटर बंद होता."

भिंत बोलली. "पायाशी, की पाठीशीपण?"

"दोन्हीकडे."

"आणि त्या नकट्याने काही सांगितलं नाही?"

"कसं सांगेल? नाक गळालं त्याचं, तरी गप्प."

"मी पहिल्या मिनिटाला बोंबललो असतो."

"दुसऱ्या मिनिटाला मेला असतास."

"पण बोंबलून मेलो असतो ना!" घुबड कूस बदलून वळला. चेहरा पार उतरला होता, डोळे मात्र तेच बेरकी. "गाडी तरी दुरुस्त झाली असती, गाढवा. आता ती तशीच रस्त्यावर येणार."

"मी मॅडमना सांगितलं. पण मालकांनी टाळ्या वाजवून झाल्या होत्या."

"कुणासाठी?"

"नकट्यासाठी."

घुबडाला हसू फुटलं. कोंबड्यालाही. दोघं पोट धरधरून हसले, आणि हसता हसता घुबडाचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. वहिनी धावत आल्या, जिभेखाली गोळी सरकवली, पाठ चोळत राहिल्या. हळूहळू रंग परत आला.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. डॉक्टरांनी बोलणंसुद्धा कमी करायला सांगितलंय. तुम्ही आलात की यांना गप्प राहवत नाही. थोडे दिवस नका येऊ. तुम्ही समजूतदार आहात, म्हणून तुम्हाला सांगतेय. त्या दिवशी तुम्हीच वाचवलंत ना त्यांना?"

कोंबड्याने मान हलवली. समजूतदार माणसाने दुसरं काय करायचं असतं?

"काय खुसपुसताय रे बाहेर?" आतून घुबडाचा आवाज आला. दमलेला, पण खुशीतला. "कोंबड्या, उद्या लवकर ये. नकट्याचं सगळं पहिल्यापासून सांग मला. काही गाळू नकोस."

वहिनी कोंबड्याकडे बघत राहिल्या.

"येतो, येतो!" कोंबडा दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला.

तो जिना उतरायला लागला. वर वहिनींनी दार अगदी हलक्या हाताने लावून घेतलं, आत आवाज जाऊ नये म्हणून.