एक व्हायोलिन आधी

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली आणि तो स्पीकरच्या तोंडावर धरला. मग मान तिरकी करून, श्वास रोखून ऐकू लागला.

काउंटरमागून ताई बघत होती. स्टिरिओ सेटच्या या दुकानात येणारा माणूस खुर्ची पुढे ओढतो, डोळे मिटतो, आवाज आणखी मोकळा कसा येईल ते विचारतो. आवाजाचंच तोंड दाबणारं गिऱ्हाईक तिने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काही अडचण आहे का, काका?"

"छे, छे." त्याने रुमाल घाईघाईने खिशात कोंबला. "चांगला आहे सेट. फारच चांगला आहे."

हे तो असं म्हणाला, जणू कुणाच्या आजारपणाबद्दल बोलतोय. मग छोटी डायरी काढून त्यात काहीतरी खरडलं, सोबत आणलेली रेकॉर्ड कापडी पिशवीत घातली आणि चालता झाला. त्याचा हा पाचवा शनिवार होता. एवढ्या वेळात त्याने साधी वायरसुद्धा विकत घेतली नव्हती.

"बाबा, इथे काहीतरी पाणी मुरतंय," ताई म्हणाली.

आतल्या टेबलावर उघडा अॅम्प्लिफायर घेऊन बसलेल्या वडिलांनी मान वर केली नाही. "ऐकू दे गं. ऐकायला काय पैसे पडतात?"

"विजेला पडतात."

दुकानात सेट दाखवायच्या चार रेकॉर्डी ठरलेल्या होत्या. एकीत पावलं डावीकडून उजवीकडे चालत जायची. दुसरीत एका गवयाचे ओठ उघडल्याचासुद्धा आवाज यायचा. तिसरीतल्या ढोलाने कपाटाच्या काचा थरथरायच्या. पण ताईचा हुकमी एक्का होता चौथी, आणि नेमकी तीच रेकॉर्ड म्हातारा घरून घेऊन यायचा. वाद्यवृंदाची होती. दुसऱ्या बाजूला एक संथ भाग होता. त्यात सगळी वाद्यं एकदम थांबत, क्षणभर शांतता, आणि मग सोळा व्हायोलिनं एकत्र सुरू होत. त्यातलं एक मात्र केसभर आधी सुरू व्हायचं. साध्या सेटवर ते कळतही नसे. चांगल्या सेटवर घासात केस यावा तसं कळायचं. शौकिनांना ही जागा पाठ होती. नवखं गिऱ्हाईक आलं की ताई बोट वर करून म्हणायची, "आता ऐका हं," आणि मग, "कुणाची तरी बस चुकत होती!" माणूस हसायचा. आणि हसलेला माणूस सहसा सेट घेऊनच जायचा.

म्हातारा पहिल्या शनिवारी आला तेव्हाही तिने हेच ऐकवलं होतं. तो हसला नाही. "हे ऐकू येत नाही असा सेट कोणता?" एवढंच त्याने विचारलं होतं.

गेल्या महिन्यात दोन जुनी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. त्यातल्या एकाने सांगितलंही, "तुमच्या भारी सेटचा वरचा आवाज फाटतो, असं समोर कानावर आलं." तेव्हापासून ताईच्या मनात पाल चुकचुकत होती. सहाव्या शनिवारी म्हातारा पाणी प्यायला आत गेला आणि डायरी खुर्चीवरच राहिली. ताईने ती उघडली. दुकानातल्या एकूण एक सेटचं नाव, नेटक्या बारीक अक्षरात. प्रत्येकापुढे लाल फुली. सगळ्यांत भारी सेटपुढे तीन.

तो बाहेर आला तेव्हा डायरी तिच्या हातातच होती.

"काका, समोरच्यांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"समोर?" तो गोंधळला. "तिथे जाऊन आलो मी. तिथेही सगळ्यांवर ऐकू येते."

"काय ऐकू येते?"

"तुमची ती बस चुकणारी." तो खुर्चीत बसला. "बायको आहे ती माझी."

आतल्या खोलीतली खुडबुड थांबली.

चाळीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. ही रेकॉर्ड झाली ती त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण स्टुडिओची वेळ संपली होती. कुणाला कळणार नाही, असं म्हणून तशीच काढली. आणि खरंच कळत नव्हतं.

"पुढे यंत्रं सुधारत गेली," तो म्हणाला, "आणि तिची चूक मोठी होत गेली. एकदा एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. त्यांनी नवा सेट घेतला होता. हीच रेकॉर्ड लावली, हीच जागा दाखवली. सगळे खो खो हसले. त्यांना काय माहीत! तीही हसली. घरी आल्यावर रेकॉर्ड कपाटात गेली, ती गेलीच. आता घरातला जुना सेट बंद पडलाय. येत्या महिन्यात सत्तरी आहे तिची. एकदा शेजारी बसून सगळी ऐकावी म्हटलं. तेवढं सोडून."

ताईला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. वीस वर्षांत तिने ही जागा किती जणांना दाखवली होती, त्याला मोजदाद नव्हती.

वडील माळ्यावरून एक धुळकट सेट उतरवून घेऊन आले. "याचा वरचा आवाज बसलाय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला द्यायची लाज वाटत होती."

लावून पाहिला. शांतता आली, आणि मग सोळा व्हायोलिनं एखाद्या जाड रजईसारखी एकदम पसरली. केस नाही, कूस नाही. म्हाताऱ्याने तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारी, भर दुपारी, एक बाई दुकानात आल्या. ताठ बांध्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. हातात तीच कापडी पिशवी.

"आमच्या यजमानांनी इथून सेट नेला."

ताई काउंटरमागून पुढे आली. "बिघडला का, काकू?"

"उत्तम चाललाय. काल माझा वाढदिवस होता. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसले. तेव्हाच मला संशय आला. आणि मग माझी जागा आलीच नाही." त्यांनी ताईकडे रोखून पाहिलं. "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही हो. जुना आहे, वरचा आवाज जरा..."

"मग चांगल्यावर लावा."

ताईने लावली. बाई पाठ न टेकता बसल्या. वाद्यं थांबली. शांततेत एक व्हायोलिन केसभर आधी निघालं आणि बाकीची त्याच्यामागून आली. बाईंच्या डाव्या हाताची बोटं पिशवीच्या कडेवर किंचित दाबली गेली.

"काकू," ताई म्हणाली, "या जागेवर मी लोकांना हसवलंय. कित्येक वर्षं."

"मलाही लाज वाटायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं." बाई रेकॉर्डकडे बघत होत्या. "सोळा जण होतो आम्ही. सोळांचा मिळून एकच आवाज यायला हवा, तेच तर काम. वेष्टनावर कुणाचं नाव नाही. एवढ्या रेकॉर्डीत मी कुठे आहे, असं कुणी विचारलं तर बोट ठेवायला माझ्याकडे एवढीच जागा आहे. ते छापखान्यात जात तेव्हा दुपारी लावायचे मी. जुन्या सेटला कान लावला की पुसटशी यायची. ते रिटायर झाले, घरी बसले, आणि माझं ऐकणं बंद पडलं."

"मी सेट बदलून देते. आजच पाठवते."

"नको." बाई पटकन म्हणाल्या. "काल रेकॉर्ड संपली तेव्हा त्यांनी केवढा सुस्कारा सोडला! इतकी वर्षं हा माणूस असा जीव आवळून बसला होता, मला पत्ताच नव्हता. राहू दे तो सेट. त्यांना काही कळू देऊ नका."

त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली. मग म्हणाल्या, "बुधवारी मी गुडघ्यांच्या व्यायामाला येते. दवाखाना इथून दोन चौक. दुपारी फारशी गर्दी नसते ना तुमच्याकडे?"

"नसते," ताई म्हणाली.

ती उठली, रस्त्याकडचं काचेचं दार नीट लावून घेतलं, आणि सुई पुन्हा रेकॉर्डच्या कडेला नेऊन ठेवली.